वाळूवरच्या साती आसरा

आमच्या गावाला कचरा टाकायची लाज कधी वाटली नाही. कचऱ्याला कचरा म्हणायची मात्र लई लाज वाटायची. शेण, राख, खरकटं उकिरड्यावर जायचं, त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण तडकलेली गणपतीची तसबीर, सुकलेले हार, मागच्या सालचं देवाचं कॅलेंडर, लग्नपत्रिका (कारण तिच्यावर गणपती), उदबत्तीचा रिकामा पुडा (कारण त्याच्यावर लक्ष्मी), दहाव्याच्या पत्रावळी, मेलेल्या माणसाची गोधडी आणि त्याच्या औषधाच्या बाटल्या, हा काही कचरा नव्हे. हे सगळं 'गंगेला सोडायचं'. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. आणि सोडायचं म्हणजे काय, तर नदीपर्यंत जायचं, पाणी लांब आहे, पाय भाजतात, म्हणून काठावरूनच वाळूत भिरकावायचं, हात जोडायचे आणि मागं वळून न बघता घरी यायचं. मागं वळून बघितलं असतं तर काय केलंय ते दिसलं असतं, म्हणून तो नियम कुणीतरी लई हुशारीनं केला असणार. पूर्वी हे टोपलीतून यायचं आणि टोपली परत घरी न्यावी लागायची. मी सातवी-आठवीत असताना गेवराईच्या बाजारातून पन्नी, म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी, आली, आणि मग परत न्यायला काही उरलंच नाही. पन्नीला गच्च गाठ मारायची आणि गाठीसकट पुण्य फेकून द्यायचं.

समुद्र आम्ही भूगोलाच्या पुस्तकात पाहिलेला. आमचा किनारा हाच. दिवाळीनंतर पाणी उतरलं की वाळू वर यायची, पांढरी, बारीक, सकाळी पायाला थंडगार लागणारी. तिच्यात हातभर खणलं की झिरा लागायचा, आणि त्या झिऱ्याचं पाणी वाटीवाटीनं घागरीत भरून अख्खं गाव प्यायचं. पोरांची कबड्डी तिथंच, बायकांची धुणी तिथंच, गावातली सगळी भांडणं उकरून काढायचीही तिथंच. आणि त्याच वाळूत माझ्या सखूआत्याची वाडी होती.

आत्या म्हणजे दादांची, माझ्या वडिलांची थोरली बहीण. नांदायला गेली ती वर्षाच्या आत परत आली. का आली ते तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि विचारणाऱ्याला ती असं बघायची की तो पुन्हा विचारायचा नाही. घरात ती भावाच्या भाकरीवर होती. माझी आई काही वाईट नव्हती, पण तोंडाची तिखट. पिठाच्या डब्याचं झाकण ती आत्या असली की जरा जोरात लावायची. वाळूत मात्र आत्या मालकीण होती. वाळूला कुठला सातबारा? पण वीसेक वर्षं त्याच जागेवर ती टरबूज, खरबूज, वाळकं लावत होती, आणि ती जागा सखूची हे गावाला पाठ होतं. ओल लागेपर्यंत खड्डे खणायचे, त्यात शेणखत भरायचं, बी टाकायचं, वेल रांगायला लागले की झिऱ्यातून दोन डबे भरून प्रत्येक आळ्याला पाणी द्यायचं. कोल्हे येऊ नयेत म्हणून दिवस मावळताना ती रिकामा तेलाचा डबा बडवायची. तो आवाज ऐकला की आई म्हणायची, "वाजली बघा मालकिणीची नौबत."

शाळा सुटली की मी वाडीवर. वाडीत तुराट्यांची एक खोप होती, तिच्या छपरावर वाऱ्यानं उडू नये म्हणून चार दगड ठेवलेले, आणि आत तीन दगडांची चूल. त्या वाळूत दगड म्हणाल तर हे एवढेच सात. बाकी मैलभर शोधून सुपारीएवढा खडा सापडायचा नाही. त्या चुलीवर आत्या ज्वारीची भाकरी थापायची, येसराच्या मसाल्याची आमटी उकळायची, वाळकाच्या फोडींवर तिखट-मीठ टाकून माझ्यापुढं ठेवायची. भाकरीला बारीक वाळू लागलेली असायची, दाताखाली कचकचायची. मी तक्रार केली की ती म्हणायची, "गंगेची वाळू हाय, पोटात गेली तर दात घासून निघतेत." पुढं बत्तीस वर्षं मास्तरीण म्हणून नोकरी केली, गावोगावच्या पंगती जेवले. वाळू नसलेली भाकरी मला अजूनही अळणी लागते.

रोज सकाळी पाणी देण्याआधी आत्याचं एक काम ठरलेलं. आदल्या दिवशी गावानं जे जे 'सोडलं' ते ते गोळा करून आणायचं, खोपीपुढं बसायचं आणि एकेक पन्नीची गाठ सोडायची. कापायची नाही, सोडायची. कापली तर पन्नी वाया जाते म्हणायची. फुलं, हार, नारळाच्या शेंड्या खताच्या खड्ड्यात. कागद चुलीत. काच एका फुटक्या रांजणात. कापड धुऊन सुकवून खोपीच्या भिंतीला. पन्न्या झटकून एकात एक कोंबून दोरीला टांगलेल्या. महिन्याभरानं बाजाराच्या दिवशी गेवराईला भंगारवाल्याच्या दुकानात काच आणि पन्न्या देऊन यायची. बाकी लोक बाजारातून पन्न्या आणायचे, ही एकटी नेऊन द्यायची. आता शहरात तीन रंगांचे डबे ठेवून हेच शिकवायला साहेब लोक येतात आणि शाली घेऊन जातात.

गावाला हे बघवत नव्हतं असं नाही, गावाला हे आवडत नव्हतं. ठकूबाई म्हणून आमची एक शेजारीण होती, उपासतापासाला पुढं आणि घराबाहेर झाडू मारायला कायम मागं. ती एकदा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सखू, देवाची फुलं शेणात घालतीस, पाप लागंल बाई."

आत्यानं मानही वर केली नाही. "अंगण कशानं सारवतीस?"

"शेणानं."

"मंग देव अंगणातून घरात येतो तवा त्याला इटाळ व्हतो का? देवाला शेण चालतंय ठकू. काच चालत न्हाई."

ती काच आत्यालाच लागली. माघाचे दिवस होते, वेलांना फुलं धरलेली. दोन हातांत दोन डबे घेऊन आत्या झिऱ्यावरून येत होती, आणि कुणाच्या तरी घरातली लक्ष्मी, चौकटीतून निखळलेली, वाळूत उभी रुतून बसली होती. टाच आत हाडापर्यंत चिरली. मी तिथंच होते. तिनं ओरडा केला नाही, आधी डबे नीट खाली ठेवले, पाणी सांडू दिलं नाही, मग बसली. वाळू रक्त भराभर पिऊन टाकत होती. आईनं धावत येऊन हळद चेपली, पदर फाडून बांधला आणि बांधता बांधता अख्ख्या गावाच्या सात पिढ्या उद्धारल्या. त्या दिवशी पहिल्यांदा मला आईचं तोंड गोड लागलं. गेवराईच्या दवाखान्यात टाके पडले, पण जखम महिनोन्‌महिने ओली राहिली. टाच कायमची आखडली. ती पुढं जन्मभर त्या पायाच्या चवड्यावरच चालली.

पाय बांधलेला असताना पाणी मी द्यायचे आणि गाठीही मीच सोडायचे. तेव्हा मला कळलं की गाठ मारायला एक क्षण लागतो आणि सोडायला नख मोडतं. रोज संध्याकाळी जागा साफ करायची, आणि रोज सकाळी येऊन बघायचं तर नव्या पन्न्या, वर बसलेले कावळे. दादा सरपंचांकडं गेले. सरपंच म्हणजे आबा, धोतर पांढरंशुभ्र, बोलणं त्याहून पांढरं. आबा म्हणाले, "कचरा टाकू नका म्हून दवंडी देतो की." दिली. लोकांनी ऐकली. कचरा कुणी टाकलाच नाही. देवाचं तेवढं सोडलं. दवंडी देणाऱ्यानंसुद्धा जाता जाता घरची एक पन्नी सोडली, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

मग मला अक्कल सुचली. चौदा वर्षांच्या पोरीला सुचते तेवढीच, पण तेव्हा मला वाटलं होतं माझ्याएवढं हुशार अख्ख्या तालुक्यात कुणी नाही. आमच्याकडं साती आसरा मानतात. पाण्यातल्या सात बहिणी, विहिरीकाठी, नदीकाठी सात दगडांना शेंदूर फासून मांडलेल्या. पोरांना सांगतात, भर दुपारी पाण्याकडं जाऊ नका, आसरा ओढतात. मोठी माणसंही तिथून जाताना चप्पल काढतात, थुंकत नाहीत. मी विचार केला, वाळूत जिथं सगळे फेकतात तिथंच आसरा बसवल्या तर कोण माईचा लाल तिथं घाण टाकील? दगड कुठून आणायचे हा प्रश्नच नव्हता. एका दुपारी आत्या पाय दाखवायला गेवराईला गेलती, गाव झोपलेलं, आसरांच्या भीतीनं नदीकडं चिटपाखरू नव्हतं. मी चुलीचे तीन आणि छपराचे चार दगड ओढत नेले. शेंदूर नव्हता, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला हिंगूळ गोठ्यात डब्यात होता, तो तेलात कालवून फासला. चुलीच्या दगडांची काजळी काही केल्या झाकेना, तिथं दोन-दोन हात दिले. सातही ओळीनं मांडले, पुढं दोन जास्वंदीची फुलं ठेवली आणि हात वाळूत घासून घरी येऊन निजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठावर पन्नी घेऊन आलेली पहिली बाई मी लिंबाआडून बघितली. तिनं हात वर केला, सात लाल दगड दिसले, हात तसाच खाली आला. चप्पल काढली, नमस्कार केला आणि पन्नी घेऊन परत गेली. परत गेली! मला तिथंच नाचावंसं वाटलं. त्यानंतर पंधरा दिवस वाळू अशी निर्मळ राहिली की काय सांगू. कावळे दुसरीकडं गेले. झिऱ्याच्या पाण्याला जो एक कुबट वास यायला लागला होता तो गेला. आत्या काठी टेकत वाडीभर फिरायची, आणि एकदा तर तिनं बांधलेला पाय सोडून उघडाच वाळूवर ठेवला, डोळे मिटून बसली. खोपीत चूल नव्हती. तिनं घरून तीन विटा नेऊन मांडल्या होत्या. छपरावर वाळूची पोती ठेवली होती. दगड कुठं गेले हे तिनं कुणाला विचारलं नाही, मलाही नाही. मला तेव्हा वाटलं, दुखण्यात तिच्या ध्यानातच आलं नसेल.

सोळाव्या दिवशी ठकूबाईची म्हैस हरवली. एरवीही ती म्हैस दर महिन्याला हरवायची, कारण ठकूबाई तिला नीट बांधायचीच नाही. पण ह्या खेपेला ठकूबाई आसरांपुढं जाऊन म्हणाली, म्हैस घावली तर खण-नारळानं ओटी भरीन. म्हैस संध्याकाळी आपल्या पायानं घरी आली, जशी ती नेहमीच यायची. झालं! दुसऱ्या दिवशी नारळ फुटला. करवंट्या तिथंच. हिरवा खण, पन्नीत. हळदकुंकवाच्या पुड्या, पन्नीत. काचेच्या हिरव्या बांगड्या, कागदात आणि कागद पन्नीत. बातमी पसरायला आमच्याकडं पेपर लागत नाही, एक म्हैस पुरते. महिन्याभरात जीपा भरून माणसं यायला लागली. कुणाला पोरगं पाहिजे, कुणाला पोराला नोकरी. कोयता घेऊन कारखान्याला गेलेली माणसं परतली, तर तीसुद्धा बिऱ्हाड उतरवायच्या आधी आसरांकडं. त्या बिचाऱ्यांचा राग नाही येत मला. सहा महिने उसाच्या फडात राबून आलेला माणूस हात जोडणार नाही तर काय करील? राग येतो तो, जागा फुकट मिळाली की बाजार मांडणाऱ्यांचा. एकानं नारळाची पाटी लावली, दुसऱ्यानं चहाची टपरी. जिथं दिवसाला पाच-दहा पन्न्या पडायच्या तिथं आता ढीग लागला, बांगडीच्या काचा वाळूत मिसळल्या, आणि काच वेचायची म्हटलं तर वेचायची कुठून? आणि त्या ढिगाला हात लावायची आत्याला बंदी, कारण ते देवीचं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. चैत्र लागला, टरबुजं धरायला लागलेली, आणि गावात कुजबूज सुरू झाली की आसरांच्या म्होरं शेणखत टाकलेली वाडी शोभत नाही. भक्तांना बसायला जागा पाहिजे. सखूनं वाडी हलवावी. मारुतीच्या पारावर बैठक ठरली. दादा घरात खाली मान घालून बसले, आई भाकरी थापता थापता थांबली, म्हणाली, "वाडी गेली तर वन्सं कुठं जातील? ह्या घरात बसल्या तर रोज माझं तोंड बघत्याल आन मी त्यांचं." ती तिखट बाई होती, पण खोटं बोलायची नाही.

बैठकीत बायका कडेला उभ्या, पुरुष पारावर. आबा गोड आवाजात म्हणाले, "सखूबाई, तुमी आमच्या बहिणीसारख्या. पर देवीच्या मर्जीम्होरं आपलं काय चालतंय?" आत्या काठी टेकून उभी होती. मला राहवेना. मी बायकांतून पुढं आले आणि मोठ्यानं म्हटलं, "देवी नाहीये ती. ते दगड मी मांडलेत. आत्याच्या चुलीचे आहेत."

आबा हसले. "काय म्हणतीस, बाळ?"

"खरं सांगते. तो शेंदूर नाही, पोळ्याचा हिंगूळ आहे. तीन दगडांवर काजळी आहे. चला, खरवडून दाखवते."

आणि निघाली सगळी वरात नदीकडं. मी तिसऱ्या दगडाला नख लावलं, महिनाभराच्या तेलशेंदराचा थर निघाला, खाली हिंगूळ, त्याच्याही खाली काळीकुट्ट काजळी. मी बोट वर करून सगळ्यांना दाखवलं. मला वाटलं, संपलं. कुणीतरी म्हणालं, "बघा, देवी आतून काळी हाय." दुसरा म्हणाला, "जागृत हाय म्हून काळी." आणि तेवढ्यात ठकूबाईच्या अंगात आलं. केस मोकळे, डोळे पांढरे, घुमत घुमत माझ्याकडं आली, मला छातीशी धरलं आणि ओरडली, "लेकरा, मीच तुझ्या सपनात आले, मीच तुला दगडं उचलाया लावली!" मी म्हटलं, "मला सपन पडलं नव्हतं." पण ऐकतंय कोण! बायकांनी माझ्या कपाळाला मळवट भरला, ओटीत नारळ घातला, माझ्या आजीच्या वयाच्या बायका माझ्या पाया पडल्या. आबा हात जोडून म्हणाले, "एवढ्या गावात देवीनं ह्या पोरीला निवडलं, कावून? तर मन साफ हाय म्हून." मी रडत होते, आणि ते रडणं त्यांनी भक्तीत जमा केलं. खरं बोलून माणूस इतका तोंडावर आपटतो हे मला कुठल्याच गुरुजींनी शिकवलं नव्हतं. वाडी हलवायचं त्याच जागी, माझ्या नारळाच्या साक्षीनं ठरलं.

परत येताना आत्या आणि मी दोघीच मागं राहिलो. ती चवड्यावर लंगडत होती. मी म्हटलं, "आत्या, माझ्यामुळं झालं."

"मला पैल्याच दिशी कळालं व्हतं," ती म्हणाली. "माझ्या चुलीची दगडं मी वळखणार न्हाई व्हय गं? वीस वरसं त्यास्नी रोज हात लावलाय."

"मग बोलली का नाहीस?"

"पंधरा दिस वाळू साफ व्हती ना. लई बरं वाटलं मला. म्हटलं, तेवढ्यापायी चूल गेली तर जाऊ दे." थोडं चालल्यावर थांबली, काठी वाळूत रोवली. "तुझं चुकलं कुठं सांगू? तुला वाटलं हे लोक देवाला भेतेत. देवाला कोण भेतंय? देवाकडं तर मागाया जातेत. भ्याव घालायचंच व्हतं तर तिथं तलाठी बसवायचा."

ती हसली. मी नाही हसले. त्या वर्षीची टरबुजं कच्चीच तोडावी लागली. तिला खालच्या अंगाची जागा दिली, भरड वाळूची, जिथं झिरा लागायचा नाही. दोन हंगाम तिनं तिथं जीव काढला, तिसऱ्या वर्षी डबा घरी आणून माळ्यावर टाकला. पूर यायच्या आधी गावानं आसरा हलगी वाजवत काठावर उचलून आणल्या आणि ओटा बांधून बसवल्या; मला वाटलं होतं निदान गंगा तरी नेईल, पण तिलाही संधी दिली नाही. आत्या उरलेलं आयुष्य आमच्या घरात होती. आई आणि ती एकमेकींचं तोंड बघत राहिल्या, आणि शेवटी शेवटी आई तिची टाच रोज तेल लावून चोळायची. घरात आलेल्या प्रत्येक पुड्याची सुतळी, प्रत्येक पन्नीची गाठ आत्या सोडून ठेवायची. मेली तेव्हा तिच्या उशाखाली घड्या घातलेल्या पन्न्या निघाल्या. तिच्या दहाव्याला मी नदीवर काहीही सोडू दिलं नाही, त्यावरून भावकी माझ्याशी चार वर्षं बोलत नव्हती. न बोलून त्यांनी माझं कल्याणच केलं.

हे सगळं आज लिहायला बसले, कारण परवा गावानं मला बोलावलं होतं. 'स्वच्छ गंगाकाठ अभियान', उद्घाटक म्हणून मी. सरपंच आता आबांचा नातू; धोतर गेलं, बोलणं तेच. गेले तर वाळूच नाही. टिप्परांनी भरभरून कधीच नेली, खाली काळी माती उघडी पडलीय, आणि कापलेल्या काठात थरावर थर पन्न्यांचे लोंबतात, चाळीस वर्षांचं पुण्य साठलेलं. वाळू राहिली नाही, कचरा मात्र इमानानं टिकला. ओट्याचं मंदिर झालंय, फरशी, कळस, सात पितळी मुखवटे. पोरांच्या हातात नवे कोरे झाडू, अंगात एकाच रंगाचे सदरे, वर घोंगावणारा ड्रोनचा कॅमेरा. काठ तेवढा फोटोपुरता झाडला, सगळं ट्रॉलीत भरलं. मी ट्रॅक्टरवाल्याला विचारलं, "हे कुठं नेतोस रे?"

तो म्हणाला, "खालच्या अंगाला, बाई. तिथं गंगेतच सोडतो."

मला माइक दिला, म्हणाले, बाई, दोन शब्द. मी माइक खाली ठेवला, ट्रॉलीतली एक पन्नी ओढून काढली, मंडपात सगळ्यांपुढं खाली बसले आणि गाठ सोडायला लागले. आधी लोकांना वाटलं, बाईंचं हे प्रात्यक्षिक असेल; टाळ्या वाजल्या. दुसरी पन्नी घेतली, तिसरी घेतली. फुलं एकीकडं, काच एकीकडं, कागद एकीकडं. दहाव्या पन्नीला सरपंच घड्याळ बघायला लागला. विसाव्याला कॅमेरा खाली उतरला. मग मंडप रिकामा झाला, ट्रॅक्टरवाला तेवढा थांबला, कारण त्याची ट्रॉली अडकली होती. शेवटी कंटाळून तोही शेजारी बसला आणि म्हणाला, "बाई, नखानं न्हाई सुटत वो, कापू का?" मी म्हटलं, "कापायची नाही. सोडायची." त्यानं शिवी तोंडात गिळली आणि सोडायला लागला. दिवस कलेपर्यंत अर्धी ट्रॉली झाली. उरलेली अर्धी त्यानं कुठं नेली, मला ठाऊक आहे.

निघताना मी गाभाऱ्यात गेले. मी देवळात जात नाही हे गावाला माहीत आहे, म्हणून पुजारी लगबगीनं उठला. तिसरा मुखवटा जरा सैल होता. मी तो बाजूला सारला, मागच्या दगडावर हात फिरवला, शेंदराच्या थरात नख घातलं. बोट काळं झालं. आत्याची भाकरी, येसराचा वास, दाताखालची वाळू, सगळं एकदम जिभेवर आलं. मी वाकून डोकं टेकलं.

पुजारी खूश झाला. "शेवटी बाईंनी देवीला मानलं म्हणायचं."

"देवीला नाही," मी म्हटलं, "चुलीला."

त्याला ते कळलं नसावं. त्यानं माझ्या हातात प्रसाद ठेवला. पन्नीत होता, वर गच्च गाठ मारलेली.